क्वेरीतली रिकामी जागा: डेटा इम्पोर्ट करताना व्हेरिएबल कसं वापरायचं

डेअरीला दूध घालणाऱ्याच्या घरात दोन कागद जपून ठेवलेले असतात. एक रोजचं कार्ड, ज्यावर सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि फॅट लिहिलेले असतात. दुसरं दर दहा दिवसांनी मिळणारं बिल. दोन्ही जुळले की प्रश्न मिटला. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात एकदा हे कागद जुळेनात. तेही सगळ्यांचे नव्हे, पंधरा-वीस सभासदांचेच.

"सव्वापाचला बादली घेऊन मी डेअरीच्या दारात असते बघ. कार्डावर लिहिलंय की. मग एक तारखेचं सकाळचं दूध बिलात कुठं गेलं?" एका आज्जींनी मला विचारलं. घरात दोन म्हशी, आणि दूध घालण्यात एका दिवसाचा खाडा नाही. तो हिशेब कॉम्प्युटरवर मीच बसवून दिला होता, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं.

रात्री बसून त्या दहा दिवसांच्या सगळ्या ओळी वेळेच्या क्रमाने लावल्या. वजनकाटा बरोबर, फॅटचं मशीन बरोबर, दरपत्रक बरोबर, एकही ओळ हरवलेली नाही. फक्त ५:२९ ला आलेलं दूध आदल्या तारखेखाली पडलं होतं आणि ५:३१ ला आलेलं त्या दिवशीच्या. रेघ मारावी तशी बरोबर साडेपाचला फाळणी झाली होती. जे सगळ्यात आधी उठून रांगेत उभे राहत होते, त्यांचंच बिल चुकत होतं.

कारण एका शब्दाएवढं होतं. डेटा ठेवलेला सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालायचा, आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा त्या घड्याळात मध्यरात्र होते. ओळ कोणत्या तारखेची हे ठरवायचं काम मी क्वेरीत सर्व्हरवर सोडलं होतं. त्याच्या हिशेबाने एक तारखेचं सव्वापाचचं दूध मागच्या महिन्यातलं होतं.

त्या रात्रीनंतर क्वेरीत बाहेरून काय जातं, कुठून जातं आणि कुठल्या रूपात जातं, याकडे मी फार बारकाईने बघायला लागलो. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात डेअऱ्या, पतसंस्था, ऊस वाहतुकीचे हिशेब सांभाळणारी बरीच तरुण मुलं मराठी माध्यमातून शिकलेली आहेत. काम ती चोख करतात, पण या विषयावर त्यांच्या भाषेत नीट लिहिलेलं त्यांना मिळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

मुळापासून सुरुवात करू. क्वेरी म्हणजे डेटाबेसला घातलेला प्रश्न. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात मांडायची कल्पना मांडली, आणि १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल झाली. टाइप करताना ती रोमन अक्षरांत लिहायची असते. इथे वाचायला सोपं पडावं म्हणून देवनागरीत लिहितो:

सिलेक्ट कोड, लिटर, फॅट फ्रॉम संकलन व्हेअर केंद्र = 'जांबोटी' अँड तारीख = '२०२४-०७-०१'

म्हणजे संकलन नावाच्या टेबलातून जांबोटी केंद्राच्या एक जुलैच्या ओळी काढ आणि त्यातले कोड, लिटर, फॅट मला दे. एका दिवसापुरतं हे ठीक आहे. पण केंद्रं चाळीस असतील आणि डेटा रोज दोन वेळा यायचा असेल, तर प्रत्येक वेळी गाव आणि तारीख हाताने कोण बदलणार? म्हणून या दोन जागा मोकळ्या सोडायच्या आणि तिथली व्हॅल्यू क्वेरी चालवताना द्यायची. अशा बदलत्या जागेला व्हेरिएबल म्हणतात. क्वेरीच्या बाबतीत पॅरामीटर हा शब्दही चालतो. इथवर कुणालाच अडचण येत नाही. ती येते ही जागा भरायच्या पद्धतीत.

पद्धती दोन. पहिलीत क्वेरीचा मजकूर तुकड्या-तुकड्यांनी चिकटवतात: अर्धं वाक्य, मग गावाचं नाव, मग उरलेलं वाक्य, मग तारीख. सगळं जोडून तयार झालेलं एकच लांब वाक्य डेटाबेसला पाठवायचं. दुसरीत वाक्य जसंच्या तसं ठेवून मोकळ्या जागी एक खूण करायची आणि व्हॅल्यू वेगळी पाठवायची:

सिलेक्ट कोड, लिटर, फॅट फ्रॉम संकलन व्हेअर केंद्र = ? अँड तारीख = ?

डेटाबेसची सॉफ्टवेअरं वेगवेगळी असतात. मायएसक्यूएलमध्ये ही खूण प्रश्नचिन्हाची असते, ओरॅकलमध्ये नावाआधी विसर्गासारखे दोन ठिपके देतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाआधी ॲटचं चिन्ह, पोस्टग्रेसमध्ये डॉलर आणि त्यापुढे क्रमांक. खुणा वेगवेगळ्या असल्या तरी वागणूक एकच.

हा फरक समजायला पतसंस्थेचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे आणा. प्रेसमधून छापून आलेलं असतं: श्री. अमुक यांजकडून रुपये अमुक मिळाले. कारकून फक्त मोकळ्या जागा भरतो. नावाच्या जागी कुणी कितीही विचित्र काही लिहिलं तरी छापलेलं वाक्य हलत नाही. जे लिहिलं ते नावच धरलं जातं. आता समजा छापील पुस्तकच नाही आणि कारकून प्रत्येक पावती कोऱ्या कागदावर सलग लिहून काढतो. तेव्हा एखाद्याने नाव म्हणून "पाटील यांना रुपये दहा हजार द्यावेत, आणि जाधव" असं सांगितलं आणि कारकुनाने ते तसंच उतरवलं, तर पावतीचा अर्थच फिरला. नाव कुठे संपलं आणि वाक्य कुठे सुरू झालं, हे नुसत्या कागदावरून कळत नाही.

चिकटवलेल्या क्वेरीत नेमकं हेच होतं, आणि त्यासाठी कुणाचा हेतू वाईट असायलाही लागत नाही. आपल्या भागात, विशेषतः खानापुरापासून गोव्याच्या बाजूला आणि बेळगाव शहरात, ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. डी'सोझा हे आडनाव इथे परकं नाही. रोमन लिपीत लिहिताना त्यात डीनंतर वर एक छोटी खूण येते. एसक्यूएलमध्ये नेमकी तीच खूण मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगते. म्हणून चिकटवलेली क्वेरी अशी दिसते:

व्हेअर नाव = 'डी'सोझा'

डेटाबेस वाचतो: नाव डी, इथे संपलं. मग पुढे सोझा काय आहे? त्याला काहीच उमगत नाही, तो चूक दाखवतो आणि इम्पोर्ट तिथेच थांबतो. मी पाहिलेल्या एका संस्थेत सभासदांची यादी भरताना हेच झालं. तिथल्या मुलाने वेळ नाही म्हणून फाईल उघडली, ती खूण सगळीकडून काढून टाकली आणि इम्पोर्ट पुन्हा चालवला. यादी भरली गेली. पुढे त्या सभासदांच्या बँक खात्यावरचं नाव आणि संस्थेतलं नाव वेगळं दिसू लागलं, आणि खुलासे करत फिरावं लागलं ते त्यांनाच. याचा मला आजही राग येतो. माणसाचं नाव हे त्याचं आहे. आपली क्वेरी कच्ची निघाली म्हणून त्याच्या नावातलं अक्षर खोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? प्रश्नचिन्हाची जागा वापरली असती तर डी'सोझा हे नाव खुणेसकट, काही न करता, आत गेलं असतं.

आता कुणी मुद्दाम खोडी करायचं ठरवलं तर? नावाच्या जागी "काहीही' ऑर '१'='१" असं भरलं, तर चिकटवलेल्या क्वेरीची अट अशी होते: नाव 'काहीही' असेल, किंवा एक बरोबर एक. एक बरोबर एक हे नेहमीच खरं, म्हणून टेबलातली प्रत्येक ओळ बाहेर येते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ च्या अखेरीस जेफ फॉरिस्टल या सुरक्षा अभ्यासकाने त्यावर जाहीरपणे लिहिलं, आणि इतकी वर्षं उलटली तरी हे दार अनेक ठिकाणी उघडंच आहे. "आमची फाईल तर आमच्याच केंद्रातून येते, तिच्यात कोण काय घालणार?" असं मला बऱ्याचदा ऐकवलं जातं. फाईल विश्वासाच्या माणसाकडून आली म्हणजे तिच्यातली प्रत्येक अक्षरखूण निर्धोक झाली असं नाही. डी'सोझा विश्वासाचेच सभासद होते.

मोकळी जागा सुरक्षित का, तर वाक्य आणि व्हॅल्यू डेटाबेसकडे वेगवेगळ्या जातात. आधी वाक्य येतं. डेटाबेस ते वाचतो, त्याचं व्याकरण तपासतो आणि कोणत्या टेबलातून, कोणत्या इंडेक्सच्या, म्हणजे शोधायला ठेवलेल्या सूचीच्या, आधाराने ओळी शोधायच्या याचा बेत आखतो. व्हॅल्यू आल्या की त्या ठरलेल्या खोबणीत बसतात. वाक्य वाचून झालेलं असल्याने व्हॅल्यूला पुन्हा वाक्यात घुसता येत नाही.

यातून वेगही मिळतो. लाखभर ओळी भरताना चिकटवलेली क्वेरी दर ओळीला नवी दिसते, आणि डेटाबेस दर वेळी ती पहिल्यापासून वाचतो. मोकळ्या जागेची क्वेरी एकदा वाचून घेतली की लाख वेळा चालवता येते. पोस्टग्रेस तर पहिल्या पाच वेळा दिलेल्या व्हॅल्यू बघून बेत आखतो, आणि त्यानंतर सगळ्यांना चालेल असा एकच बेत परवडतो का ते ताडून पाहतो.

याच कारणाने एक गोष्ट जमत नाही, आणि नवीन माणूस तिथे हमखास अडतो. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव मोकळ्या जागेत भरता येत नाही. "फ्रॉम ?" असं लिहून पुढे संकलन हा शब्द दिला तर चालणार नाही, कारण कोणतं टेबल हे कळल्याशिवाय बेत आखायचा कसा? काही संस्थांत दर वर्षाचं टेबल वेगळं असतं. तिथे नाव जोडण्यावाचून गत्यंतर नसतं. मग ते बाहेरून आलेल्या मजकुरातून जोडायचं नाही. आपल्या प्रोग्राममध्ये मंजूर टेबलांची यादी ठेवायची आणि आलेलं वर्ष त्या यादीत सापडलं तर यादीतलं नाव वापरायचं. सापडलं नाही तर थांबायचं. चालेल तर बघू, असं इथे कधीही करू नका.

केंद्रांच्या यादीचंही असंच. तीन केंद्रांचा डेटा हवा म्हणून एका प्रश्नचिन्हात "४,७,१२" भरलं तर डेटाबेस त्याला एकच व्हॅल्यू समजतो. केंद्राचा रकाना मजकुराचा असेल तर अशा नावाचं केंद्र नसतं म्हणून उत्तर रिकामं येतं, आणि चूक मात्र दाखवली जात नाही. जेवढी केंद्रं तेवढी प्रश्नचिन्हं करा. किंवा पोस्टग्रेस असेल तर पूर्ण यादी ॲरे म्हणून द्या. यादी फार मोठी झाली तर ती एका तात्पुरत्या टेबलात भरून जोडणं सगळ्यात सोपं पडतं.

आता व्हॅल्यूच्या रूपाकडे येऊ. तारीख ही तारीख म्हणूनच द्या, मजकूर म्हणून नको. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीने चार मार्च. फाईलमध्ये तेरा तारखेच्या पुढच्या ओळी आल्या तर निदान चूक कळते, कारण तेरावा महिना नसतो. एक ते बारा तारखांपर्यंत मात्र सगळं गुपचूप उलटं भरलं जातं. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, या क्रमाने लिहायची सवय लावा. १९८८ साली आलेलं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं.

सभासद कोड हा आकड्यासारखा दिसतो, पण तो आकडा नव्हे. ००७ हा कोड एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केला की ७ होतो, आणि मग तो सभासद सापडत नाही. कोडांची बेरीज कधी करायची नसते, मग ते मजकूर म्हणूनच ठेवा. मध्ये एक्सेल आणूच नका, फाईल आली तशी थेट घ्या. रिकामा फॅट आणि शून्य फॅट यांतही फरक आहे. मशीन बंद होतं म्हणून फॅट मोजला नाही, तर ती जागा नल, म्हणजे व्हॅल्यूच नसलेली, राहिली पाहिजे. शून्य भरलं तर दूध पाण्याच्या भावाने जाईल. आणि नल शोधताना "फॅट = ?" लिहून त्यात नल दिलात तर एकही ओळ मिळणार नाही, कारण नल कशाच्याच बरोबरीचा नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. त्यासाठी "इज नल" असंच लिहावं लागतं.

आपल्या भागापुरती एक अडचण आणखी सांगतो. काही केंद्रांत आकडे देवनागरीत टाइप केलेले असतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला '१२' दिलं तर तो ते बारा म्हणून घेतो. पोस्टग्रेसला तोच मजकूर दिला तर तो आकडा म्हणून घ्यायला नकार देतो. कानडी आकड्यांचंही तसंच होतं. त्यामुळे एकाच फाईलचं गणित प्रोग्राममध्ये बरोबर आणि डेटाबेसमध्ये अडलेलं, असं दिसू शकतं. व्हेरिएबलमध्ये भरण्याआधीच एका ठिकाणी सगळे आकडे एका रूपात आणा. जुन्या फाईली कानडी नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असतील तर त्या युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरलेल्या एकाच पद्धतीत, नाहीत. फाँट काढला की नुसता अक्षरांचा चुरा उरतो, आणि त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. युनिकोड फाईलच्या बाबतीतही फाईल आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी यूटीएफ-८ वर, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीवर, आहे का ते तपासा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी यूटीएफ८एमबी४ निवडा, कारण तिथला नुसत्या यूटीएफ८ नावाचा जुना पर्याय तीन बाइटवर थांबतो. देवनागरी आणि कानडी तीन बाइटमध्ये मावतात, पण मोबाईलवरून आलेली एखादी इमोजी मावत नाही आणि तेवढ्यावरून अख्खा इम्पोर्ट अडतो.

गावांची नावं हा तर सीमाभागाचाच प्रश्न. एकाच गावाचं नाव मराठी फाईलमध्ये एक, कानडी फाईलमध्ये दुसरं, इंग्रजी फाईलमध्ये तिसरंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा जुना आणि नवा डेटा एकत्र करणाऱ्या कितीतरी अहवालांत एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे दिसू लागले. या वादात क्वेरीला ओढू नका. लोकांना दाखवताना नाव ज्याच्या त्याच्या भाषेत दाखवा, तो त्यांचा हक्क आहे. पण व्हेरिएबलमध्ये कोड द्या. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे. तो वापरला की निपाणी कुणी कसंही लिहो, क्वेरीला एकच गाव दिसतं.

आता पुन्हा तारखांकडे, कारण इम्पोर्टमध्ये सगळ्यात जास्त घोळ याच दोन व्हेरिएबलचा असतो: पासून आणि पर्यंत.

एक ते दहा तारखेचं बिल काढायचं, तर सहज हाताला येणारी क्वेरी म्हणजे "वेळ बिटवीन ? अँड ?", आणि भरायच्या व्हॅल्यू एक जुलै, दहा जुलै. रकान्यात नुसती तारीख असेल तर चालेल. पण तिथे वेळही असेल तर दहा जुलैचा अर्थ होतो दहा जुलैची मध्यरात्र, म्हणजे तो दिवस सुरू होण्याचा क्षण. दहा तारखेचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध दोन्ही गळालं. काही जण पर्यंतच्या जागी २३:५९:५९ भरतात, पण त्या शेवटच्या सेकंदातली ओळ तरीही गळू शकते. त्यापेक्षा हे बरं:

व्हेअर वेळ >= ? अँड वेळ < ?

पहिल्या जागी एक जुलैची मध्यरात्र, दुसऱ्या जागी अकरा जुलैची मध्यरात्र. पहिला क्षण आत, दुसरा बाहेर. पुढचं बिल जिथे हे संपलं तिथूनच सुरू होतं, मध्ये एक सेकंदही मोकळा राहत नाही आणि कुठलंही दूध दोनदा मोजलं जात नाही.

आणि आज्जींच्या दुधाचं उत्तरही याच दोन जागांत होतं. मध्यरात्र म्हणजे कुणाची मध्यरात्र, हे मी व्हॅल्यूसोबत सांगायला हवं होतं. आता मी दोन्ही क्षण भारतीय वेळेने, +०५:३० या फरकासह, प्रोग्राममध्येच काढतो आणि तयार क्षण क्वेरीला देतो. एक जुलैची आपली मध्यरात्र म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात तीस जूनचे सायंकाळी साडेसहा. सव्वापाचचं दूध त्या घड्याळात तीस जूनच्या रात्री पावणेबाराला येतं, म्हणजे त्या क्षणाच्या पुढे, म्हणून ते जुलैच्याच बिलात बसतं. "आजची तारीख" हे व्हेरिएबल सर्व्हरला ठरवू देणं मी त्या दिवसापासून बंद केलं. तेव्हा मला एकाने सुचवलं होतं, की अकरा तारखेचं पहाटेचं दूध या बिलात आलंच आहे, दोन्ही टोकांना बेरीज जवळपास सारखी होते, कशाला एवढं. पण एक तारखेचा फॅट वेगळा, अकरा तारखेचा वेगळा, आणि कार्डावर जे लिहिलंय ते लिहिलंय. बिल कार्डाशी जुळलंच पाहिजे.

दुसरं महत्त्वाचं व्हेरिएबल म्हणजे "मागच्या वेळी कुठवर आलो होतो". रोज सगळा डेटा पुन्हा आणणं परवडत नाही, म्हणून शेवटच्या आलेल्या ओळीचा क्षण एका छोट्या टेबलात लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्यापुढचंच मागतात. व्हॅल्यू हाताने नाही, डेटामधूनच येते. कल्पना उत्तम आहे. पण ती बसवताना पाऊस लक्षात घ्यावा लागतो.

कणकुंबी, जांबोटी या बाजूला पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट आणि नेट नसतं. डेअरीचं मशीन बॅटरीवर चालू राहतं, दूध मोजलं जातं, ओळी मशीनमध्येच साठतात. त्याच वेळी निपाणीकडची केंद्रं सुरळीत डेटा पाठवत असतात. सगळ्यांसाठी एकच "कुठवर आलो" ठेवलं, तर निपाणीच्या ओळींमुळे ते आजच्या तारखेवर येऊन बसतं. दोन दिवसांनी जांबोटीचा डेटा पोचतो, पण क्वेरी म्हणते मला आजच्या पुढचं हवंय. जांबोटीचे ते दोन दिवस कुठेही चूक न दाखवता गायब होतात. म्हणून हे व्हेरिएबल प्रत्येक केंद्रासाठी वेगळं ठेवा. त्याहून चांगलं, दूध मोजल्याची वेळ न धरता ओळ सर्व्हरवर पोचल्याचा क्रमांक धरा. आणि तरीही प्रत्येक वेळी मागचे तीन दिवस पुन्हा आणा.

पुन्हा आणलं तर ओळी दोनदा भरणार नाहीत का? भरतील, ओळीची ओळख पटवून दिली नाही तर. केंद्र, सभासद कोड, तारीख आणि पाळी एवढी ओळख मला आधी पुरेशी वाटली होती. मग एका घरातून एकाच पाळीत म्हशीचं आणि गाईचं असं दोन्ही दूध येतं हे लक्षात आलं, आणि दुसरी ओळ पहिलीवर चढत होती हेही. आता ओळखीत जनावराचा प्रकार आणि मशीनचा पावती क्रमांक दोन्ही आहेत. अशी ओळख एकमेव म्हणून जाहीर केली की पोस्टग्रेसमध्ये "ऑन कॉन्फ्लिक्ट" आणि मायएसक्यूएलमध्ये "ऑन डुप्लिकेट की" लिहून सांगता येतं: ओळ आधी असेल तर सुधार, नसेल तर भर. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून आहे. इम्पोर्ट दहा वेळा चालवला तरी निकाल एकच येतो, आणि अर्ध्यात लाइट गेली तर घाबरायचं कारण उरत नाही. "कुठवर आलो" हे मात्र ओळी भरण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा एकाच गठ्ठ्यात, लिहा. वेगळं लिहिलं आणि ओळी भरल्या पण ही "कुठवर आलो"ची खूण राहिली, तर ओळी पुन्हा येतील, ते चालतं. खूण पुढे गेली आणि ओळी राहिल्या तर त्या कायमच्या गेल्या.

पहिल्यांदा चालवताना ही खूण रिकामी असते, म्हणजे नल. आणि "वेळ > नल" ही अट कधीच खरी होत नाही, मग पहिला इम्पोर्ट शून्य ओळी आणतो आणि यशस्वी झालो असं सांगतो. सुरुवातीला एखादी खूप जुनी तारीख भरून ठेवली की हा प्रश्न येत नाही.

मोठी फाईल असेल तर ओळ-ओळ भरण्यापेक्षा पोस्टग्रेसचं कॉपी किंवा मायएसक्यूएलचं लोड डेटा वापरून ती आधी एका कच्च्या टेबलात उतरवा, जिथे सगळे रकाने नुसता मजकूर आहेत. फाईलमधली कुठलीही वाकडी व्हॅल्यू तिथे मावते. मग तिथून तपासत, रूप बदलत, पासून-पर्यंतच्या जागा भरत पक्क्या टेबलात न्या. न बसलेल्या ओळी टाकून न देता वेगळ्या टेबलात कारणासकट ठेवा, म्हणजे सेक्रेटरीला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारता येतं, या पावतीचा फॅट किती होता बघा जरा.

नवीन संस्थेचं काम घेतलं की मी खऱ्या डेटाआधी एक चाचणीची फाईल चालवतो. तिच्यात एक ओळ ५:२९ ची आणि एक ५:३१ ची आहे. दहा तारखेच्या संध्याकाळची एक आहे. ००७ कोडाची, रिकाम्या फॅटची, देवनागरी आकड्यांची, एकाच पाळीत गाय आणि म्हैस दोन्ही दूध घालणाऱ्याची, आणि दोन दिवस उशिरा पोचलेली अशा ओळी आहेत. एका सभासदाचं आडनाव डी'सोझा आहे. ही फाईल मी दोनदा चालवतो, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावरही ओळींची संख्या तेवढीच राहिली आणि ते आडनाव त्याच्या खुणेसकट बाहेर आलं, तरच पहिलं बिल काढतो.